डाव्या पायातली बुद्धी

गावात ज्याला गाडी येते, त्याला ती हाफक्लच मास्तरांनी शिकवलेली असते. आणि ज्याला येत नाही, त्यालाही मास्तरांनीच शिकवलेली असते. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक चिमुकली पांढरी गाडी, टपावर लाल पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे मुद्दाम बसवून घेतलेली जादा दोन पेडलं. एक ब्रेक, एक क्लच. स्टिअरिंगपाशी शिकाऊ माणूस घाम गाळायचा आणि मास्तर शेजारी खिडकीबाहेर कोपर काढून आरामात बसायचे. शिकाऊला वाटायचं, आपण गाडी चालवतोय. गाडी चालायची मास्तरांच्या पायांवर. कुत्रं आडवं आलं की आधी मास्तरांचा पाय दाबला जायचा, मग तोंड सुटायचं.

"सोड... हळू सोड... अर्धा सोड! अर्धा म्हणालो, जीव नको सोडूस!"

क्लच हा मास्तरांचा विषय नव्हता, धर्म होता. "ज्याला क्लच कळला त्याला संसार कळला," हे वाक्य प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. ऑटोमॅटिक गाडीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "तो ड्रायव्हर म्हणायचा? आयत्या बिळावर नागोबा! गिअर गाडीने टाकायचे, आणि याने नुसतं बसायचं. मग पाटावर बसा की घरी!"

घरीही मास्तरांच्या खुर्चीपुढे तशीच दोन पेडलं असावीत, डोळ्यांना दिसत नव्हती इतकंच. कुणी काही ठरवलं की पहिला ब्रेक मास्तरांचा. बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी गाडी शिकायचा हट्ट धरला होता. मास्तरांनी तिला एकदाच बसवलं. पोस्टापर्यंत जाईजाईतो गाडी चार वेळा बंद पडली. पोस्टासमोर, पाचपन्नास लोकांच्या देखत, मास्तरांनी निकाल दिला, "तुझ्या डाव्या पायात बुद्धी नाही." ती दार उघडून उतरली आणि चालत घरी आली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ओसरीत शिलाई मशीन मांडून ती लोकांचे पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायला लागली. दिवसभर दोन्ही पायांनी पायटा हलवून सुतासारखी सरळ शिवण घालायची. त्या पायांतल्या बुद्धीवरच घरातला निम्मा खर्च चालायचा. पण हे मास्तरांच्या कुठून लक्षात यायला?

आता गावात कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट. मास्तरांना स्वतःला गाडी फारशी चालवताच येत नव्हती. म्हणजे यायची, पण बाजारातून चौकापर्यंत आणि चौकातून बाजारापर्यंत, दुसऱ्या गिअरमध्ये. सगळी हयात शेजारच्या सीटवर गेलेली. परगावी जायचं झालं की कुणी ना कुणी जुना विद्यार्थी हौसेने गाडी चालवायला यायचा. गुरूला कोण चालवायला लावणार? आणि घाट? घाटाचं नुसतं नाव निघालं की मास्तर घाबरून विषय बदलायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

आणि घाटापलीकडे राहायची बायकोची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून तिनेच हिला लहानाची मोठी केली होती. तिकडे बस जायची नाही. बायको म्हणायची, "अहो, ताईला भेटून येऊ." मास्तर म्हणायचे, "या रविवारी नको, शिकाऊंची परीक्षा आहे." पुढे टायर बदलायचे असत, मग पाऊस असे, मग पाऊस नुकताच थांबलेला असे. किती रविवार असे गेले, ते बायकोलाच विचारा. मग ताई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिने खाट धरली. फोनवर ती आता एकच म्हणायची, "एकदा येऊन जा गं. नंतर येऊन काय करशील?"

अशात मुलीला दोन वर्षांसाठी परदेशी नोकरी लागली, आणि जाताना ती आपली गाडी आईबापाच्या दारात लावून गेली. गाडी कसली, भिंतच ती! डिझेलची, चारही चाकं ओढणारी, आणि वर ऑटोमॅटिक.

"बाबा, नुसती उभी करू नका हं," मुलगी म्हणाली. "आणि गल्लीतल्या गल्लीतही फिरवू नका. डिझेलचा फिल्टर काजळीने भरतो. पंधरा दिवसांतून एकदा मोकळ्या रस्त्यावर चांगली लांब पळवायची, म्हणजे काजळी जळून जाते. मावशीकडेच जात जा ना!"

बायकोचा चेहरा उजळला. मास्तरांचा उतरला.

"बघू," मास्तर म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा ब्रेक.

पहिल्या दिवशी गाडी बघायला गल्ली लोटली. औषधाचं दुकान चालवणारा जुना विद्यार्थी कौतुकाने शेजारी बसला. मास्तरांनी इंजिन चालू केलं, गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर आणला, गाडी मऊपणे सरकली. वेग आला तशी मास्तरांना सवयीने गिअर बदलायची ऊर्मी आली. डावा पाय क्लच शोधत खाली गेला. क्लच नव्हता. होता तो भलामोठा ब्रेक. गाडी जागच्या जागी गपकन थांबली आणि दुकानदाराचं कपाळ पुढे आपटलं.

"नवीन गाडीचे ब्रेक कडक असतात," मास्तर म्हणाले.

"हो ना," दुकानदार टेंगूळ चोळत म्हणाला. गुरूला खोटं कोण पाडणार? दुसऱ्या चौकात त्याच टेंगळावर दुसरं टेंगूळ आलं, तेव्हा त्याला दुकानातलं काम आठवलं.

आता गप्प बसतील ते मास्तर कसले! त्यांनी बायकोच्या टोपलीतून पडद्याची दोरी उचलली आणि डावा पाय घोट्याशी सीटखालच्या दांडीला बांधून टाकला. पायाचा बंदोबस्त झाला. हात मोकळाच राहिला. त्यांना त्या गिअरबॉक्सचा भरवसा वाटेना. आपल्याला न विचारता आतल्या आत गिअर बदलते म्हणजे काय? मग ते दांडा सारखा इकडून तिकडे करत. गाडी पुरती थांबायच्या आत 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर ढकलत, की आतून कडकड आवाज येई. गिअर हाताने टाकायची सोयही त्या दांड्यात होती. ती सापडल्यावर तर मास्तरांना रानच मोकळं मिळालं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. आणि वर समोरच्या बाकावर जमणाऱ्या मंडळींना प्रवचन: "ऑटोमॅटिकमधून उत्तम काम काढून घ्यायचं ना, तर तिला एक क्षण मोकळं सोडायचं नाही!"

बायको हे ओसरीतून बघायची आणि पडदा शिवायची. दुपारी मास्तर झोपले की ती गाडीत जाऊन बसायची, फोनवर मुलीशी हळू आवाजात बोलायची. मास्तरांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "सीटची मापं घेतेय. कव्हरं शिवायचीत." रोज मापं? पण बायकांना मापं नीट घेता येत नाहीत, असं मास्तरांचं मत होतंच. आठवड्यातून तीनदा ती गावाच्या पलीकडच्या टोकाला पडदे पोचवायला जायला लागली, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

दोनअडीच महिन्यांत स्टिअरिंगमागे काट्यांच्या शेजारी पिवळा दिवा लागला. काजळीचा. मास्तरांनी उपाय केला. गाडी दारातच उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबून धरला. गल्लीभर धूर झाला, दोरीवर वाळत घातलेले एका हॉटेलचे पांढरे पडदे करडे झाले, आणि दिवा होता तिथेच राहिला.

"मास्तर, एकदा घाट दाखवा तिला," बाकावरून दुकानदार म्हणाला. "ही गल्लीतली गाडी नाही."

"ताईचा फोन होता," बायको पडदे काढता काढता म्हणाली. "आता फोनसुद्धा दुसऱ्याने कानाशी धरावा लागतो तिला. उद्या रविवार आहे."

चारचौघांत विचारलेलं. मास्तरांना ब्रेक सापडेना.

"जाऊ की!" ते म्हणाले. "त्यात काय एवढं?"

रविवारी सकाळी निघाले. सपाटीवर गाडी बरी चालली. घाट लागला आणि मास्तरांच्या हाताला घाम सुटला. चढ दिसला की ते ॲक्सिलरेटरवर उभेच राहत, गाडी बिचारी खालच्या गिअरमध्ये येऊन भोकाड पसरी. त्या आवाजाला घाबरून ते पाय उचलत, तशी ती पुन्हा वरच्या गिअरमध्ये जाई. तेवढ्यात मास्तर हाताने भलताच गिअर टाकत. दोन शहाण्यांनी एकच दार दोन बाजूंनी ढकलावं, तसं चाललं होतं. चौथ्या वळणावर खालची दरी दिसली. मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"गिअरबॉक्स तापलाय," ते म्हणाले. "परत फिरावं लागेल. ताईला फोन करून सांग, पुढच्या महिन्यात येऊ."

बायकोने पट्टा सोडला. खाली उतरली, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या बाजूला आली आणि दार उघडून खाली वाकली. तिने पडद्याच्या दोरीची गाठ सोडली.

"सरका," ती म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का? घाट आहे हा! तुला कुठे..."

"परीक्षा दिलीय मी. पहिल्या झटक्यात पास झाले. गावाच्या त्या टोकाला एका बाईंनी गाडी शिकवायची शाळा काढलीय, ऑटोमॅटिकची. पडदे पोचवायला जात होते ना, तिथेच."

मास्तरांच्या तोंडून निघालं ते जुनंच. "अगं, पण तुझा डावा पाय..."

"त्यात बुद्धी नाही ना?" ती दोरी गुंडाळत म्हणाली. "म्हणून तर गप्प बसतो बिचारा. तुमच्या पायात फार बुद्धी, तो बांधावा लागतो."

मास्तर सरकले.

तिने दांडा 'डी'वर ठेवला आणि हात काढून घेतला. उजवा पाय हलकाच दाबला, मशीनच्या पायट्यावर दाबते तसा, आणि तिथेच ठेवला. गाडीने एकदा आपला गिअर शोधला आणि गुणगुणत चढायला लागली. बायको गाडीला काही शिकवत नव्हती. पुढे चढ वाढला, तेव्हा तिने पाय जरासा आणखी दाबला. गाडीने काय ते ओळखलं. थोड्या वेळाने पिवळा दिवा आपसूक विझला. मास्तरांनी तो विझताना पाहिला आणि खिडकीबाहेर बघितलं.

माथा ओलांडला आणि उतार लागला. "ब्रेक!" मास्तर ओरडले. त्यांचे दोन्ही पाय खाली दाबले गेले. तिथे नुसती चटई होती. जन्मभर या सीटवर बसून त्यांनी जे दाबलं ते थांबलं होतं. आज काहीच थांबेना. बायकोने दांडा बाजूला घेऊन दुसरा गिअर टाकला. इंजिनाने गाडीला मागून धरून ठेवल्यासारखं झालं, ती वळणामागून वळण शांतपणे उतरायला लागली. ब्रेकला ती वळणापुरताच पाय लावत होती.

"सारखा ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो," बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "काढा ते पाय. तिथे काही नाही."

मास्तरांना भीती वाटत होती, आणि लाजही वाटत होती. त्यातलं जास्त काय, ते त्यांना कळत नव्हतं. पाय मात्र दाबायचे थांबेनात.

ताईच्या घराकडे जाणारी शेवटची वाट कच्ची होती, सुट्या खडीची, तीव्र उताराची. बायकोने गाडी पूर्ण थांबवली, 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर आणली, चार चाकांचं बटण सगळ्यात हळू चालीवर फिरवलं आणि पहिला गिअर टाकला. गाडी मुंगीच्या पावलांनी खाली उतरली. दारासमोर आधी हँडब्रेक, मग 'पी'. कडकड झाली नाही.

ताई खिडकीपाशी खाटेवर होती. चादरीबाहेर काढलेला तिचा हात काटकीसारखा झाला होता. बायको तिच्या उशाशी बसली आणि दोघी कितीतरी वेळ नुसत्या रडल्या. मास्तर भिंतीशी खुर्चीवर अंग चोरून बसले.

"इतकी वर्षं का नाही गं आलीस?" ताईने शेवटी विचारलं.

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. एका वाक्यात तिला सगळा हिशेब चुकता करता आला असता, आणि मास्तर त्या वाक्याची वाट बघत बसले.

"गाडी नव्हती ना, ताई," बायको म्हणाली.

दारात कायम गाडी उभी असलेल्या माणसाला हे ऐकवेना.

"गाडी होती, ताई," ते म्हणाले. "मला घाटाची भीती वाटायची. अजूनही वाटते. आज हिने आणलं मला."

ताईने उशीवरची मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"अहो, मग एवढंच होतं तर," ती म्हणाली, "आधीच हिला द्यायची ना चालवायला!"

खुर्चीखाली मास्तरांचे दोन्ही पाय फरशीवर घट्ट दाबलेले होते. संध्याकाळी निघताना ते न सांगता शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला.