पारखून घेतलेला कॅमेरा

आमच्या हिंगोलीतल्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला सगळे नातेवाईक होते, कॅमेरा उत्तम होता आणि फोटो एकही नाही.

कॅमेरा घ्यायचं मीच ठरवलं. आमच्या बौद्ध घरांत मंगल प्रसंगी सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात. मोबाईलच्या फोटोत कपडे झगझगतात आणि चेहरे काळेठिक्कर पडतात. मागे एका लग्नाच्या फोटोत माझे मिस्टर मला केवळ शर्टावरून ओळखू आले. (शर्ट मी घेतला होता, म्हणून!)

या वेळी तर चेहरे दिसायलाच हवे होते. माझे सासरे आप्पा आणि साखऱ्याला राहणारे त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आबा, यांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. आबांनी यायचं कबूल केलं, तेव्हा आप्पा मला हळूच म्हणाले, "बाई, आमचा दोघांचा एक फोटो काढून दे."

मी कामाला लागले. मिस्टरांना पांढरा शर्ट घालून नांदेडच्या दुकानात नेलं, पांढऱ्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिथे मांडलेल्या एकेका कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढून पाहिला. स्वस्तातल्यात त्यांचे डोळेच हरवले. महागडा उचलायला भरलेल्या कुकरएवढा जड! मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यात मात्र शर्टाची शिवण दिसली, मिस्टरांचा वैतागही दिसला. तोच ठरला.

दुकानदार आतून बंद खोका घेऊन आला. मी म्हटलं, "तो नको. तपासला तोच द्या." (माठही मी वाजवलेलाच घेते.) मग तो बॅग, स्टँड, कार्ड असं काहीबाही सांगू लागला. वरच्या वस्तूंना सरसकट नाही म्हणायचं, हा माझा खरेदीचा नियम.

"तो काय म्हणून राहिला ते ऐकून तरी घे," मिस्टर म्हणाले.

"ऐकलं की घ्यावं लागतं," मी म्हटलं.

गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि मी सगळ्यांचे मोबाईल गोळा करून कपाटात ठेवले, वर कुलूप लावलं. दहा जण फोटो काढतात, मग निम्मे इकडे बघतात, निम्मे तिकडे. आज सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघायचं! नणंद पुटपुटली, पण तिनेही मोबाईल दिला.

आबा आणि आप्पांना शेजारी बसवलं. मध्ये एक माणूस सहज मावेल एवढी जागा.

"एकच काढ," आबा म्हणाले. "मंग मी चाललो."

मी थांबते कुठली? जवळ सरका म्हटलं, ते सरकले. खांद्यावर हात ठेवा म्हटलं, तेव्हा आबांनी दुसरीकडे बघत आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांचे डोळे भरून आले. पडद्यावर ते पाणीसुद्धा स्वच्छ दिसलं. प्रत्येक फोटो क्षणभर दिसायचा आणि जायचा. मला वाटलं, आत जाऊन बसला. कोपऱ्यात एक खूण लुकलुकत होती, पण ती दुकानातही लुकलुकत होती. म्हणजे सगळं बराबर!

पाहुणे आपापले मोबाईल घेऊन गेले, घरच्यांचे अजून कपाटातच होते. पुतणीने फोटो लॅपटॉपवर घ्यायला कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

"काकू, याच्यात कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?"

"ज्याच्यावर फोटो राहतात ते."

मग तिने समजावलं. मी आणलेला कॅमेरा दुकानात दाखवायला ठेवलेला होता. कार्ड नसतानाही फोटो काढून नुसता दाखवायची सोय त्यात चालू होती. मी विचारलं, कुणी मोबाईलवर तरी एखादा काढला का? सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं.

आप्पांना सांगायला मलाच जावं लागलं. मान वर होईना. त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाट उघडायला लावून त्यांनी मोबाईल घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः भावाला फोन लावला. सगळी हकीकत सांगितली. पलीकडचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"मी न्हाई येत पुन्हा. तूच ये साखऱ्याला. अन् त्या बाईला घरीच ठेव."

आप्पा गेले, मला घरी ठेवूनच. फोटो निघाला. आता दर रविवारी दोघा भावांचा फोन असतो. आप्पा हसता हसता खोकतात, मी पाणी नेऊन दिलं की एकदम गप्प होतात आणि मी वळले की पुन्हा हसू लागतात. शेताचा विषय आता निघतच नाही. मी पुरते.