गिअरशेजारचा छोटा दांडा

हिलरी माझा शेजारी. बँकेतून निवृत्त झाला त्या वर्षी त्याने एक लांबलचक डिझेल गाडी घेतली. मागची सीट पाडली तर आत खाट मावेल एवढी. वसईतल्या आमच्या अरुंद आळीत ती वळवायला माझं फाटक उघडावं लागतं. मी ते सकाळी सातला उघडून ठेवते.

गाडी घेतली ती बायकोसाठी. सालोमीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, आणि पावसाळ्यात आमचा रस्ता काही दिवस तरी पाण्याखाली जातो. "हिची चारही चाकं ओढतात," हिलरी गिअरशेजारच्या छोट्या दांड्याकडे बोट दाखवून सांगायचा. एरवी जोर मागच्या दोन चाकांना. दांडा ओढला की पुढचीही कामाला लागतात.

पण दरवेळी मागच्या दोन चाकांवरच निभावलं, आणि तो दांडा त्याने सहा वर्षांत ओढला नव्हता. धूळ बसू नये म्हणून सालोमीने त्याला लोकरीची टोपी विणली होती. यात मी हसण्यासारखं काही नाही. माझ्या लग्नातल्या चिनी मातीच्या बशा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आहेत, आणि बिशप घरी आले तेव्हाही त्या कपाटातच राहिल्या.

"एकदा ओढून तर बघ," मी म्हणायचे.

"वेळ आली की ओढीन, रोझमेरीबाई. उगाच झिजवायचा कशाला?"

वेळ बावीस जुलैला आली. रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. डायलिसिसची एक पाळी आधीच चुकली होती. सालोमीचे पाय सुजले होते, तिला धाप लागत होती. मागच्या बाजूने शत्रुघ्नच्या केळीच्या वाडीतून उंचावरच्या रस्त्याला निघता येत होतं, पण वाट म्हणजे नुसता चिखल. औषधांची पिशवी घेऊन मी मागे बसले. अर्ध्या वाटेत चाकं रुतली. हिलरीने टोपी काढून दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. तो आतून गंजून घट्ट बसला होता.

शत्रुघ्न चिखल तुडवत आला. त्याने आत डोकावून पाहिलं.

"काका, ही टोपी काय गाडीला सर्दी होऊ नये म्हनून?"

"थट्टा नंतर कर रे. हिला वेळेत पोचवायचंय."

"ट्रॅक्टर आनतो. पानी वाढायच्या आत काढतो तुम्हाला."

त्याच्या जुनाट ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधलेली आमची ती भलीमोठी गाडी निघाली, तशी माणसं ओट्यावर येऊन बघू लागली. हिलरीने मान खाली घातली होती. सालोमी धापा टाकत म्हणाली, "अहो, हात तरी हलवा. लोकांना वाटेल वरात आहे."

अकराला दहा कमी असताना तिला मशीन लावलं. साडेतीनला तिने चहा मागितला, तेव्हा हिलरी खुर्चीत नीट टेकून बसला.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने दांडा मोकळा करताना विचारलं, "शेवटचा कधी वापरलेला?" तारखांसाठी सगळे माझ्याकडेच पाहतात. माझ्या डायरीत ती तारीख नव्हती.

आता दर रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की हिलरी गाडी वाडीत नेतो आणि दांडा ओढून दहा मिनिटं चालवतो. सालोमी पुढे, मी मागे. गेल्या रविवारी परत आल्यावर मी आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे तळले आणि कपाटातल्या बशा काढल्या. पहिली शत्रुघ्नला दिली. हातात घेण्याआधी त्याने हात दोनदा लेंग्याला पुसले.