कोटाची पाच बटणं

उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यासमोर, लिंबाखाली, एका वयस्क शिंप्याचं शिलाईचं मशीन असे. फाळणीनंतर ते सिंधमधून आले होते. तोंडाला कायम मलमलीची पट्टी, चहा स्वतःच्याच पितळी पेल्यात. गिऱ्हाईक जवळ आलं की म्हणत, "थोडं लांबून बोला. मला क्षय आहे."

तेर गावच्या एका तरुण शेतकऱ्यालाही क्षय होता. आठवड्यातून दोनदा तो मोटारीनं दवाखान्यात सुई टोचून घ्यायला येई. त्याच्या लग्नाचा कोट त्यांनी शिवला होता; बटणं तेवढी राहिली होती.

"चाचा, कोट द्या आज. खोकला गेला, सुगी आलीय. आता म्या न्हाय येणार."

"सुया किती राहिल्या?"

"पाच."

"बटणंही पाचच. एका सुईला एक लावीन."

"लई हट्टी बघा तुम्ही! बिनबटणाचा नवरदेव करता का मला?"

ते हसले नाहीत. "बेटा, निर्वासितांच्या छावणीत माझ्या सुया सुरू झाल्या. पुऱ्या व्हायच्या आत दुसऱ्या छावणीत हलवलं, मग तिसऱ्या. दर वेळी सुया मध्येच बंद पडल्या. आता डॉक्टर म्हणतात, ते औषध मला लागूच पडत नाही. तुला तर कुणी हलवलं नाही ना?"

तरुण वळला आणि दवाखान्यात गेला.

पुढं उरलेल्या चारही सुयांना तो आला. पाचवं बटण लावून त्यांनी कोट मशीनवर ठेवला, आपण दहा पावलं मागं सरले आणि तिथूनच म्हणाले, "आता घाल. बघू दे मला."