आईने धुतलेली बाटली

मी लिहावं एवढा मी कुणी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. काही चुकलं तर माफ करा. पण हे आत ठेवून मला जगता येत नाही.

"आईला फोन लाव. स्पीकरवर." सर म्हणाले. सगळ्या वर्गासमोर.

रोह्याच्या कॉलेजात आम्ही एक रंग वापरत होतो. पाण्यात पेशींना जाळणारं रसायन असलं, की तो दिव्याखाली हिरवा उजळतो. जिवंत पेशीतही सोडता येतो. पेशी मरत नाही, फक्त आत काय जळतंय ते दिसतं. प्रत्येकाने आपल्या गावचं पाणी आणायचं होतं. मी धरमतर खाडीचं आणलं. आईनेच भरून दिलं. ती तिथे गुडघाभर चिखलात निवट्या, चिखलातली मासळी, पकडते. तिच्या पायांना फोड येतात. ते कशाने, हे मला बघायचं होतं.

फक्त माझीच बाटली उजळली.

सर हसले. "मासळीचा वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडरने धुतली असणार. त्यानेही रंग उजळतो. विचार तिला."

सर ऐकतायत असं सांगून मी आईला विचारलं. ती म्हणाली, "व्हय सायब. मीच धुतली पावडरीनं. चुकी माझी हाय. पोराला काय बोलू नका."

वर्ग हसला. कुणीतरी नाक दाबलं. सरांनी पाणी बेसिनमध्ये ओतलं. "आता सगळ्यांच्या बाटल्या तूच धुवायच्या. घरी नाही, इथे तरी शिक."

धुतल्या. कितीतरी महिने.

आज कॉलेजात पाहुणे आले. सर म्हणाले, "हा आमचा बाटलीवाला. आईकडून शिकून आलाय." मी ब्रश खाली ठेवला.

"सर, माझ्या आईला मध्ये आणू नका. बाटल्या मी धुणार नाही. प्रयोग करीन."

सरांना मी पहिल्यांदाच उलट बोललो.

संध्याकाळी गावी गेलो. आई ओटीवर बसून पायाच्या फोडांना खोबरेल लावत होती. म्हणालो, "आये, पुन्हा पाणी न्यायचंय. या वेळी बाटली धुऊ नको."

ती उठून आत गेली. धाकटी बहीण जवळ आली.

"दादा, तिनं तवा पन धुतली नव्हती. घरात पावडर हाय कुठं? सायब तुला काढून टाकील म्हनून व्हय बोलली."

म्हणजे उजळलं ते खाडीचं पाणीच होतं. आणि ती अजून रोज त्यात उतरते.

उद्या बाटली मी भरणार. त्याच वर्गात रंग टाकणार. आणि आईला फोन लावणार. स्पीकरवर. या वेळी ती खरं बोलेल.