शेवटच्या माणसाचा ओ

दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने केली, तो नक्की पाठीवर तांदूळ आणि रॉकेलचा डबा घेऊन चढ चढत असणार. आमच्या दहा दिवसांच्या चालीत तिसरा दिवस सगळ्यात वाईट जायचा. पहिले दोन दिवस हौसेवर निघत. तिसऱ्या दिवशी हौस संपलेली असे, पायांना फोड आलेले असत आणि परत फिरायला उशीर झालेला असे. तेव्हा कोणी फार बोलत नसे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत लूमवर जॉबर होतो, म्हणजे अडलेला माग पुन्हा चालू करून देणारा. बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्यातून दरवर्षी दिवाळी झाली की दहा दिवस बिनपगारी काढून मी डोंगरात चालायला जायचो. आमच्या लूमवरच्या एका उत्तर प्रदेशातल्या विणकराला ह्याचं फार नवल वाटे. "पैदल? उधर बस नहीं जाती क्या?" तो दरवर्षी विचारी. जाती है, मी म्हणे. मग तो माझ्याकडे दयेने बघे.

आम्हाला नेत ते एक भूगोलाचे मास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. अंबाडीला एसटीतून उतरायचं, बाजारात कांदे-बटाटे घ्यायचे आणि चालू लागायचं. आधी तानसाचा तलाव, पुढे वैतरणेचं पाणी, मग कसाऱ्याकडून घाट चढून भंडारदऱ्याचं धरण, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि शेवटी माळशेजच्या रस्त्याला लागून घरची एसटी.

पहाटे उठून स्टोव्हला पंप मारायचा, चहा घ्यायचा आणि तंबू गुंडाळायचा. तंबू आमच्याच लूमवर विणलेल्या कोऱ्या कापडाचा होता. दवाने तो भिजून दुप्पट जड होई आणि तो उचलायची पाळी बहुधा माझ्यावर येई. दुपारी खिचडीत सुका जवळा, रात्रीही खिचडीत सुका जवळा. तलावाचं पाणी सकाळीच दिसायला लागे आणि संध्याकाळपर्यंत तेवढंच लांब राही, कारण वाट प्रत्येक नाल्यात आत शिरून परत बाहेर येई. पोहोचल्यावर आंघोळीचं त्राण नसे. पाय पाण्यात सोडून नुसतं बसायचं. हेच तानसाचं पाणी जाड पाइपातून आमच्या तालुक्यावरून मुंबईला जातं आणि आमच्या चाळीच्या नळाला मात्र तासभर येतं, हे मी तिथे बसून दरवर्षी बोलून दाखवायचो. "सूर्यास्त बघा," सर म्हणत. बघत असू.

मग जायचो कशाला? माझ्यापुरतं सांगतो. तिथे मला सगळ्यात शेवटी चालायला मिळायचं.

सरांची एक पद्धत होती. सर सगळ्यात पुढे आणि एक भरवशाचा माणूस सगळ्यात मागे. त्याला गमतीने शेपूट म्हणत. झाडीत शिरलं की सर थोड्या थोड्या वेळाने पुढून "ओऽऽ" अशी हाक देत आणि शेपटाने मागून तसाच ओ द्यायचा. त्या ओ चा अर्थ एवढाच, की मी आहे आणि माझ्यामागे कोणी राहिलेलं नाही. ओ आला नाही तर सगळे थांबत. सहा वर्षं शेपूट मीच होतो. लूमवर मला "ए जॉबर" म्हणत आणि माग लवकर सुरू झाला नाही तर शेठच्या शिव्या खाव्या लागत. इथे आठ माणसं माझ्या एका ओ वर निर्धास्त पुढे चालत. मला त्याचा फार अभिमान होता. कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

आणि मला ऐकू येईनासं झालं होतं.

लूमच्या खटखटाटात पंधरा वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग लांबून येणारे आवाज गेले. समोर उभं राहून कोणी बोललं तर समजे, कारण लूमवरची माणसं ओठ वाचतात. त्या आवाजात ऐकण्याचा प्रश्नच नसतो. सूत तुटलं, चहा आला, शेठ आला, सगळं ओठांवर आणि बोटांवर चालतं. कल्याणच्या एका डॉक्टरने मला सांगितलं, लूम सोडा. सोडून खाऊ काय, ते त्याने सांगितलं नाही. मी घरीदारी कोणाला बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिऱ्याला कोण शेपूट करणार?

मी एक युक्ती काढली होती. सरांची हाक आली की माझ्या पुढे चालणारा माणूस सवयीने मागे वळून बघे. ती मान वळली की मी ओ द्यायचो. दोन वर्षं एकदाही चुकलो नाही. तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होतो. आज आठवलं की राग येतो.

माझ्या पुढे बहुतेक वेळा एक ताई असत. आमच्यातल्या त्या एकट्याच बाई, चाळिशीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडून जोडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांनी तंबूतून मीठ मागितलं तर खालच्या वाडीतून कोणीतरी घेऊन यावं.

त्या वर्षी सातव्या दिवशी आम्ही रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीकडे निघालो. सगळे इतके दमलेले, की कोणी मान वर करून चालत नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कारवी आणि वाट एका माणसापुरती. मी खाली बसून बुटाची नाडी बांधत होतो. ताई शेजारी येऊन काहीतरी म्हणाल्या. मी वर न बघता मान डोलावली. बहिऱ्या माणसाला मान डोलावायची सवयच लागते. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. उठून बघतो तर ताई नव्हत्या. मी पुढे होते, असं म्हणाल्या असतील, असं मला वाटलं आणि मी पाय उचलले.

वळणापलीकडे आमच्यातल्या एका जाडजूड कारकुनाची पाठ दिसली. ताई त्याच्या पुढे असणार, असं मी धरून चाललो. थोड्या वेळाने त्याची मान वळली. मी ओ दिला. पुन्हा वळली, पुन्हा दिला. खिंडीपर्यंत चार-पाच वेळा मी पुढे कळवलं, की माझ्यामागे कोणी नाही.

खिंडीत जेवायला बसलो. सरांनी सकाळची खिचडी ताटल्यांत वाढली आणि एक ताटली उरली. "ताई कुठे?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या ओठांकडे बघतच राहिलो. शब्द कळले होते. "मागून हाक आल्यासारखी वाटली होती," कारकून माझ्याकडे वळून म्हणाला, "पण लगेच तुमचा ओ आला."

बाकीच्यांना तिथेच बसवून सर आणि मी उलटे उतरलो. सर सारखे हाका मारत होते आणि मग थांबून कानोसा घेत होते. मीही थांबत होतो, कानोसा घेतल्यासारखं करत होतो. त्या रानात बिबट्या आहे असं रतनवाडीतल्या माणसांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या वाटेला दिवसभरात दुसरं कोणी फिरकेल याचा भरवसा नव्हता. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही.

तासाभराने ताई दिसल्या. वाटेच्या कडेला दगडाला टेकून बसल्या होत्या. सकाळी त्या आडोशाला गेल्या होत्या आणि परत येताना दोन दगडांत पाय अडकून मुरगळला होता. घोटा सुजून टम्म झाला होता. तशाच एक काठी घेऊन त्या थोड्या वर चढल्या होत्या आणि मग पाय टेकेनासा झाला होता. सरांना बघून त्या बोलायला लागल्या, पण आवाज निघेना. नुसती हवा येत होती. सर वाकले, कान त्यांच्या तोंडाशी नेला. "काय म्हणताय? पाणी हवंय का?"

मला चार पावलांवरूनच कळलं होतं. ताई माझ्याकडे बघून बोलत होत्या आणि ओठ स्वच्छ दिसत होते.

"वळणावर थांबा म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत. किती हाका मारल्या मी. तुमचा ओ मला ऐकू येत होता."

"काय म्हणतात त्या?" सरांनी मला विचारलं.

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला.

सर भला माणूस. "वारा उलटा असेल," ते म्हणाले. "अशा खोऱ्यात होतं तसं. खालची हाक वर नीट येत नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी हो म्हणावं म्हणूनच ते थांबले होते.

हो म्हणायचं मनात होतं, हे खोटं कशाला बोलू? मान डोलावली असती की झालं असतं. पुढच्या वर्षीही सगळे माझ्या भरवशावर चालले असते. ताई नुसत्या बघत होत्या.

"वारा नव्हता," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुमची हाकसुद्धा येत नाही, सर. पुढच्याची मान वळलेली बघून मी ओ देतो."

सरांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाले आणि बाकीच्यांना आणायला परत वर चढायला लागले.

ताईंना पाठुंगळी घेऊन मी रतनवाडीला उतरलो. सात दिवसांचे फोड, रिकामं पोट आणि पाठीवर एक माणूस. उतरताना ताई माझ्याशी काही बोलल्या का, मला माहीत नाही. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. सर आणि बाकीचे उतरून आल्यावर आम्ही होडीने धरणाच्या भिंतीकडे गेलो आणि तिथून एसटी धरली. ती चाल तिथेच संपली.

ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी घरी पोहोचलो. बायको दारात बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बूट काढून बसलो आणि सगळं सांगितलं. ताईंचं सांगितलं, सरांचं सांगितलं आणि शेवटी कानांचं. वाटलं, आता ही रडणार आणि मला तिची समजूत घालावी लागणार.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. हात सुपातच होते. "लय दिवसांपासून म्हाईत हाय. पोरांना पन म्हाईत हाय. मीच त्यांना सांगितलंय, बाबाला लांबून हाक मारायची न्हाय, जवळ जाऊन हात लावायचा."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुमी लपवत व्हते ना. मंग मी पन काय बोलली न्हाय."

तिने पुन्हा तांदळात मान घातली. दोन वर्षं माझ्या घरात मला कोणी हाक मारली नव्हती आणि बाप शिफ्टवरून दमून येतो म्हणून पोरं गप्प असतात, असं मी समजत होतो.