बागेतला खांब

निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत एक शास्त्रज्ञ यायचे. हवामान बदललं की वेली हवेतला कार्बन किती शोषतील आणि पीक किती बुडेल, याचं ते कॉम्प्युटरवर मॉडेल करायचे. नाव सांगितलं होतं त्यांनी. मी मुद्दाम विसरलोय. बागेत यंत्रं लावलेला खांब उभा केला होता आणि रोज पहाटे त्याच्याखालीच गाडी चालू ठेवून, आत हीटर लावून बसायचे. बोलायचं झालं तर काच दोन बोटं खाली यायची.

कडाक्याची थंडी पडली, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवायला निघालो. काच खाली आली.

"धूर नको. आकडे बिघडतात."

"अन् तुमच्या गाडीचा धूर, साहेब?" वडिलांनी विचारलं.

"तो आम्ही वजा करतो."

वडील पडले भिडस्त. "शिकेल माणूस हाय, जाऊ दे," म्हणाले आणि काडेपेटी खिशात टाकली.

ऊन चढलं तसे घडच्या घड तडकले. साहेब पहिल्यांदाच गाडीतून उतरले. फुटक्या मण्यांचे फोटो काढले आणि वडिलांच्या पाठीवर थाप मारली.

"अभिनंदन! मॉडेल अगदी बरोबर निघालं."