माझे खाडे

घाटकोपरच्या दवाखान्यात मला जो फॉर्म भरायला दिला त्यावर पाच प्रश्न होते आणि मी पाचही ठिकाणी शून्य लिहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. समोरच्या बाकावर एक बाई पहिल्याच प्रश्नाशी पेन चावत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला जरा बरंच वाटलं. शाळेत आपला पेपर सगळ्यांच्या आधी झाला की वाटायचं तसं.

अर्धशिशी मला कॉलेजपासून आहे. आधी डावी भुवई, मग डोळा, मग कानामागे, आणि एकदा तिथे पोचली की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच. इतकी वर्षं नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर निभावलं होतं. या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे बायकोनेच परस्पर नंबर लावला आणि मी टाळेन म्हणून सोबतही आली. फॉर्म कशासाठी, तर डोकेदुखीने माणसाचं रोजचं जगणं किती अडतं ते मोजायला. गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामावर जाता आलं नाही, किती दिवस काम निम्म्यावर आलं, घरकाम किती दिवस राहिलं, ते किती दिवस निम्म्यावर आलं, आणि 'कौटुंबिक, सामाजिक व विरंगुळ्याच्या कार्यात' किती दिवस भाग घेता आला नाही. पाचांची बेरीज मोठी आली तर रोज एक गोळी, दुखो न दुखो, निदान सहा महिने. ती गोळी मला नको होती. माझा एक मामा रोजच्या गोळ्यांवर गेला आणि जेवताना ताटात पेंगायला लागला. मी मुलुंडच्या एका कारखान्यात, डब्यांची झाकणं बनवणाऱ्या मशीनवर सुपरवायझर आहे. तिथे पेंगून चालत नाही.

पहिलं शून्य मी छातीठोकपणे लिहिलं. आमच्या घरात खाडा हा शब्द शिवीसारखा. वडील गिरणीत होते आणि अंगात ताप असला तरी पाळी चुकवायचे नाहीत. खाडा करणारा माणूस ना कामाचा ना घरचा, असं ते म्हणत. मी अठरा वर्षांत डोक्यापायी एक खाडा केलेला नाही. दुसऱ्या प्रश्नातलं 'निम्म्यावर' म्हणजे मला वाटलं हाफ डे विचारतायत. हाफ डे मी कधीच घेतला नव्हता, शून्य. घरकाम मी करतच नव्हतो, तर ते राहणार कुठून? शून्य आणि शून्य. विरंगुळा हा शब्द तर मला शाळेनंतर पहिल्यांदाच भेटला.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी फॉर्म बघितला, मग मला बघितलं.

"एकही दिवस नाही?"

"खाडा नाही मॅडम. कुणालाही विचारा."

"आणि दुखल्यावरच्या गोळ्या महिन्याला किती लागतात?"

"लागेल तशा," मी म्हटलं आणि पंख्याकडे बघितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्या गोळ्या फार झाल्या तर त्यांनीच डोकं दुखतं. पण या आकड्यावर मी तुम्हाला रोजची गोळी देऊ शकत नाही. आणि खरं सांगू, हा आकडा मला पटत नाहीये. दुसरा फॉर्म घरी न्या, घरच्यांना विचारून भरा, दोन आठवड्यांनी या."

फॉर्म बायकोने घेतला. रिक्षात मी म्हटलं, "बघ, पास झालो." ती म्हणाली, "हो ना," आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसली. या 'हो ना' मध्ये काहीतरी होतं हे मला कळलं, पण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुखतं तेव्हाचं सांगता येतं. दुखत नसतं तेव्हाचं सांगणं कठीण. तेव्हा मला जास्तच चैन पडत नाही. मी भुवई चाचपत राहतो. उजेड जरा वेगळा वाटला की पडदा ओढतो, कोंदट वाटलं की पुन्हा उघडतो. बसतो, उठतो, गॅसवर काय आहे ते विचारतो, टीव्हीचा आवाज कमी कर म्हणतो, तो कमीच असतो. आज येणार, नाही, उद्या येणार. पाहुणा यायचा असला की दाराकडे सारखं लक्ष जातं, तसं माझं लक्ष सतत डोक्याच्या डाव्या बाजूला. शर्टाच्या खिशात गोळ्यांची स्ट्रिप असते आणि ती आहे ना हे मी दिवसातून किती वेळा बघतो ते कुठल्या फॉर्मने विचारलेलं नाही.

घराला या सगळ्याची सवय झाली होती. माझं डोकं धरलं की बायको कुकर उचलून शेजारच्या काकूंकडे नेई, तिथे शिट्ट्या काढून भात घेऊन परत येई. हे मी कधी मागितलं नव्हतं, असं मी लोकांना सांगत असे. एकदा शिट्टी झाली म्हणून मी ताट भिरकावलं होतं, ते सांगत नसे. मुलगी सातवीत आहे. तिच्या वर्गशिक्षिकेने पालक सभेत सांगितलं होतं की हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. मी ते घरी आलेल्यांना कौतुकाने सांगायचो, आमची पोरगी अगदी शांत म्हणून.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये. विषय पाणी. या विषयावर मला बोलायचंच होतं, कारण माझ्याकडे पुरावा होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायको खाडे लिहिते, सगळ्याच घरांत लिहितात तसे. दूध आलं नाही की 'दू', कामाच्या मावशी आल्या नाहीत की 'मा'. आणि गेले काही महिने तारखांच्या कोपऱ्यात 'प' दिसत होते. इतके 'प' की मला संताप आला. मी सकाळी सातला बाहेर पडतो, पाणी त्यानंतर येतं, मला कसं कळणार? तीन महिन्यांच्या पानांचे मी मोबाइलवर फोटो काढून नेले होते.

मीटिंगमध्ये उभा राहून मी तारखा वाचायला लागलो. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. चार-पाच तारखा ऐकून त्यांनी हात वर केला.

"अहो, सोळाला पाणी नव्हतं? सोळाला टाकी ओसंडली होती. या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी झालं होतं. तुम्ही खाली आला नव्हतात वाटतं."

"मग लिहिलंय ते काय खोटं?"

"लिहिलं असेल. पण पाणी होतं," ते म्हणाले आणि मागून सगळ्यांनीच होतं, होतं केलं. दुसऱ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला, "काका, तुमच्याच नळाची वाट लागली असेल. प्लंबर बोलवा." लोक हसले. मी सेक्रेटरींना खोटारडे म्हणालो आणि जिना चढून वर आलो.

बायको मेथी निवडत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे सगळे दिवस पाणी नव्हतं ना?"

तिने फोटो बघितला. मग मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ते पाणी नाही," ती म्हणाली.

"मग?"

"प म्हणजे पप्पा."

"पप्पा काय?"

"खाडा. मावशींचा, दूधवाल्याचा, तसा तुमचा."

दही संपलंय, हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिने हे सांगितलं. मी ओरडलो. मी काय कामवाला आहे, मी काय दूध टाकतो, अठरा वर्षांत माझा एक खाडा दाखव म्हणालो. तिने मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

स्टेशनपर्यंत गेलो, तिथून उगाच हायवेपर्यंत, तिथून परत. एका टपरीवर चहा सांगितला आणि न पिताच निघालो. उन्हात गाड्यांचे टप चमकत होते आणि भुवईत हलकेच काहीतरी हललं, का मला तसं वाटलं, सांगता येत नाही. चालता चालता फोटो उघडून मी एकेक तारीख तपासत होतो. चूक सापडायला हवी होती. ती सापडली. एक 'प' चक्क रविवारवर होता. रविवारी मी कारखान्यात जात नाही, मित्रांत जात नाही, मी घरातच असतो. मी जवळजवळ पळत परत आलो.

"या रविवारी मी दिवसभर घरात होतो," मी म्हटलं.

"होतात ना. आतल्या खोलीत, दार लावून. माझ्या भाचीचा साखरपुडा होता दहिसरला. आम्ही दोघीच गेलो. सगळे विचारत होते, पप्पा कुठे आहेत. ही सांगत होती, कामावर गेलेत."

मुलगी खिडकीपाशी वही घेऊन बसली होती. तिने वर बघितलं नाही.

"आणि ही तारीख? या दिवशी मी कामावर होतो. हजेरी आहे माझी."

"कारखान्यात आहे हजेरी. सातला घरी आलात ते सकाळपर्यंत एक शब्द नाही. काकू कुकर परत द्यायला आल्या तर त्यांनाही बेल वाजवता येईना. दारात उभ्या राहून मला फोन केला."

मी खुर्चीत बसलो. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींपैकी कुठलं जास्त ते कळत नव्हतं. कारखान्यात मी डोकं बांधून उभा राहत होतो आणि जे काही उरायचं ते अंधाऱ्या खोलीत आणून टाकत होतो. खाडा मी केलाच होता, फक्त घरी.

"पण लिहीत कशाला होतीस?" मी विचारलं.

"आधी सवय म्हणून. कोण आलं नाही ते लिहायची सवयच आहे ना हाताला. मग उपयोग व्हायला लागला. पुढच्या महिन्यात कुठे जायचं ठरवायचं असलं की बघायचे, तुम्ही साधारण किती दिवस हाताशी असता ते. अहो, ती रोजची गोळी घ्या. पेंगलात तर पेंगा. मला दुसरं काही नको."

तिने पर्समधून फॉर्म काढला. मी पेन घेतलं. कामावरचा पहिला प्रश्न, तिथे शून्यच होतं, ते तिनेही मान्य केलं. दुसऱ्याला मी जरा विचार केला. डोकं धरलेल्या दिवशी मशीनजवळ उभं राहून मी खरंच किती बघतो? माझ्या वाटणीची झाकणं दुसराच कोणीतरी तपासत असतो आणि मला सांगत नाही. मी एक आकडा लिहिला, मग खोडून मोठा लिहिला. घरकामाच्या दोन प्रश्नांवर बायको हसली, म्हणाली, तिथे काही लिहू नका, दुखत नसतानाही तेच लिहावं लागेल. मलाही हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलं.

पाचवा प्रश्न उरला. बायकोने भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं आणि मुलीला हाक मारली. ती 'प' मोजायला बसली, तिच्या त्या बारीक आवाजात. एकदा मोजले, पुन्हा मोजले, आकडा सांगितला. मी तो लिहायला लागलो.

"पप्पा, एक विचारू?"

"विचार."

"ज्या दिवशी दुखत नव्हतं, पण दुखेल म्हणून आम्ही हळू बोललो, ते दिवस पण धरायचे?"

फॉर्मवर तसा रकाना नव्हता. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, ती टेबलावरची मेथीची पानं गोळा करायला लागली.

"धर," मी म्हटलं.

मुलीने कॅलेंडर जवळ ओढलं. तिने बोट पहिल्या तारखेवर ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आठवडा संपला, दुसरा सुरू झाला. ती थांबली.

"मग सगळेच होतील," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने, आणखी हळू, "राहू दे, नको धरूया."

मी पाचव्या रकान्यात नव्वद लिहिलं.